‘वयोमानानुसार बदल’: एका ओळीची हेळसांड

मेंदूचा एमआरआय काढून आणला की पाकिटात एक मोठी फिल्म असते आणि दोन पानांचा इंग्रजी अहवाल. अहवालाच्या शेवटी ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली तीन-चार ओळी. माणूस साठीच्या पुढचा असेल तर त्यातली एक ओळ जवळजवळ ठरलेली: ‘एज रिलेटेड सेरेब्रल अॅट्रॉफी विथ क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस.’ म्हणजे वयामुळे मेंदू थोडा आकसला आहे आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याच्या जुन्या खुणा आहेत. डॉक्टर ती वाचतात, चष्म्यावरून आपल्याकडे बघतात आणि म्हणतात, “घाबरण्यासारखं काही नाही, वयोमानानुसार बदल आहेत.” आपल्यालाही हायसं वाटतं. गाठ नाही, रक्तस्राव नाही, ऑपरेशन नाही. पाकीट कपाटावर जातं.

मी डॉक्टर नाही. घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचे एमआरआय करून आणलेला, फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून काही कळतंय का ते पाहिलेला आणि त्यानंतर चार-पाच वर्षं या विषयावरचं मिळेल ते वाचत बसलेला माणूस आहे. त्या वाचनातून माझं एक मत तयार झालं आहे. त्या पाकिटातली सगळ्यात कामाची ओळ तीच असते आणि आपण ती दोनदा फेकून देतो. एकदा ‘हे वयामुळे’ म्हणून, आणि दुसऱ्यांदा ‘हे रक्तवाहिन्यांचं आहे, अल्झायमरशी याचा संबंध नाही’ म्हणून.

अल्झायमर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मेंदूत साचणारा गाळ. पेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे थर, पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते. अलॉइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत ज्या रुग्णाचा मेंदू वर्णन करून सांगितला, त्या ऑगस्टे डेटर फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आल्या तेव्हा अवघ्या ५१ वर्षांच्या होत्या. थर आणि गुंते तिथेच पहिल्यांदा एकत्र नोंदले गेले आणि पुढचं शतक त्यांच्यामागे धावण्यात गेलं. पण १९०७ साली छापलेल्या त्या छोट्या टिपणात आणखी एक वाक्य आहे. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या दिसल्या, असं अल्झायमर यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे पहिल्याच रुग्णाच्या कागदावर रक्तवाहिन्या होत्या. त्या वाक्याचं पुढे कुणी फारसं काही केलं नाही. आपल्या अहवालातल्या त्या ओळीचं होतं, तसंच.

आता व्हाइट मॅटरकडे येऊ, कारण त्या ओळीतल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा मुख्यतः तिथेच दिसतात. मेंदूचा बाहेरचा करडा थर म्हणजे ग्रे मॅटर. तिथे पेशींची वस्ती असते. आतला पांढरा भाग म्हणजे त्या पेशींमधून निघालेल्या तंतूंचे जुडगे. या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे तो भाग पांढरट दिसतो. आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तोच संदेश माणसाच्या चालीने जातो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली या तंतूंची लांबी मोजली. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत साधारण १,७६,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला चारपेक्षा जास्त वेढे. ऐंशीव्या वर्षी उरतात सुमारे ९७,०००.

हा आकडा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो, हे मला कळतं. इतके तंतू निरोगी माणसाचेही जात असतील तर ‘वयोमानानुसार’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचं काय चुकलं? थोडंसंच चुकलं. केस सगळ्यांचेच पिकतात, पण चाळिशीत एका बाजूने पिकू लागले तर आपण त्याला वय म्हणत नाही. किती गेलं, कुठलं गेलं आणि कधी गेलं, हे तीन प्रश्न न विचारता ‘वय’ म्हणणं म्हणजे ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण लेटरहेडवर छापून देणं.

‘कुठलं गेलं’ हे पाहण्याचं साधन १९९४ पासून हातात आहे. पीटर बॅसर आणि डेनी ल बिहान यांच्या गटाने एमआरआयवर आधारलेली डिफ्यूजन टेन्सर पद्धत मांडली, तिला सगळे डीटीआय म्हणतात. तिची गंमत अशी की ती तंतूंकडे थेट बघतच नाही, पाण्याकडे बघते. कडब्याच्या पेंढीवर पाणी ओतलं तर ते ताटांच्या कडेकडेने लांब धावतं. त्याच कडब्याची कुट्टी करून ढीग घातला तर पाणी वाटेल तिकडे पसरतं. मेंदूतलं पाणीही धडधाकट जुडग्यात एका दिशेने सरकतं, आणि आवरण झिजलं, तंतू विरळ झाले की दिशा सोडतं. यंत्र ती दिशा मोजतं. पेंढी शाबूत आहे की कुट्टी झाली आहे, एवढं त्यातून समजतं. कुट्टी कुणी केली, हे समजत नाही. ते पुढे येईलच.

या पद्धतीने अल्झायमरचे वेगवेगळे प्रकार पाहिले तेव्हा चित्र गुंतागुंतीचं झालं. प्रकार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण आपल्याकडे अल्झायमर म्हणजे विसरणं एवढंच समीकरण आहे. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट फ्रँक बेन्सन यांनी १९८८ मध्ये पाच रुग्णांचं वर्णन केलं. त्यांना जे दिसत होतं त्याचा अर्थ लागत नव्हता. या विकाराला पोस्टेरिअर कॉर्टिकल अॅट्रॉफी म्हणतात आणि त्यामागे बहुतेक वेळा अल्झायमरचेच थर आणि गुंते निघतात. असा माणूस आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. चष्म्याचा नंबर बदलतो, मोतीबिंदू काढून घेतो, तरी जिन्याची पायरी सापडत नाही आणि ताटातली वाटी हाताला लागत नाही. आठवण मात्र ठणठणीत. ब्रिटिश कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी २००७ मध्ये स्वतःच्या आजाराची जाहीर वाच्यता केली, तो हाच प्रकार होता. दुसऱ्या एका प्रकारात शब्द ओठांवर येऊन अडतात. माणूस ‘ते हे... ते आपलं... ’ करत राहतो, आणि लांब वाक्य ऐकलं की म्हणून दाखवता येत नाही. तिसरा प्रकार पासष्टीच्या आत सुरू होणारा.

मिलानमधल्या फेडेरिका अगोस्ता आणि मसिमो फिलिप्पी यांच्या गटाने या तिन्ही प्रकारांच्या रुग्णांचे डीटीआय केले आणि २०१५ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ नियतकालिकात निष्कर्ष छापले. करड्या थराची झीज ज्याच्या त्याच्या लक्षणाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी होती. व्हाइट मॅटरचं नुकसान मात्र त्या झिजेच्या कितीतरी बाहेर पसरलेलं होतं. म्हणजे रुग्णाची तक्रार एका खोलीतली, पण वायरिंग अख्ख्या घराचं जळलेलं.

मग आधी काय? पेशी मेली म्हणून तिचा तंतू वाळला, की आवरण आधी गेलं आणि पेशी नंतर? अनेक वर्षं पहिलंच उत्तर गृहीत धरलेलं होतं. झाड वठलं की फांदी वाळणारच, त्यात अभ्यासायचं काय. या गृहीताला दोन ठिकाणांहून चांगले धक्के बसले आहेत. जर्मनीत ग्योटिंगेनला क्लाउस-आर्मिन नावे यांच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं काम छापलं. मायलिनमध्ये बिघाड केला की त्या उंदरांमध्ये अमायलॉइडचे थर वाढले. त्यामागचं एक कारण मला फार बोलकं वाटतं: मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी फाटक्या मायलिनच्या कचऱ्यात गुंतून पडल्या आणि थरांकडे फिरकल्याच नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. अल्झायमरच्या संशोधनात तर उंदरांनी माणसांना वारंवार तोंडघशी पाडलं आहे.

दुसरा धक्का माणसांकडून आला. ज्यांच्या घराण्यात अल्झायमर एका जनुकीय बदलामुळे जवळजवळ खात्रीने आणि तरुणपणी येतो, अशा कुटुंबांचा डायन नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास सेंट लुइसमधून चालतो. त्यातल्या सभासदांच्या एमआरआयवर व्हाइट मॅटरमध्ये दिसणारे पांढरे डाग, म्हणजे आपल्या अहवालातली ती ओळ ज्यांच्याबद्दल असते तेच, कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने मोजले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्यात तो जनुकीय बदल होता त्यांच्यात हे डाग लक्षणं अपेक्षित असलेल्या वयाच्या सुमारे सहा वर्षं आधी वाढू लागले होते. मेंदूच्या मागच्या भागांत तर फरक दोन दशकं आधीपासून दिसत होता. ही माणसं तिशी-चाळिशीतली. यांच्या डागांना वय जबाबदार नाही. नुसत्या बीपी-शुगरवरही ते ढकलता येत नाहीत. अमायलॉइड मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचतो, तिथून हे नुकसान होत असावं असा एक सबळ तर्क आहे.

म्हणजे दुसरी फेकाफेकही चुकीची. पांढरे डाग दिसले की ‘हे व्हॅस्क्युलर, अल्झायमर नव्हे’ अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही आजार एकाच मेंदूत शेजारी राहतात आणि एकमेकांना हात देतात. याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा जुना आहे, आणि तो स्कॅनचा नाही, शवविच्छेदनाचा आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम संघातल्या वृद्ध जोगिणींनी मृत्यूनंतर आपले मेंदू अभ्यासाला दिले. १९९७ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी त्यातल्या १०२ मेंदूंबद्दल लिहिलं. ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरचे निकष पूर्ण होत होते. पण त्यांच्यातही ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटल्याच्या एक-दोन बारीक जखमा होत्या, त्यांना हयातीत स्मृतिभ्रंश झालेला असण्याची शक्यता कितीतरी पट जास्त होती. ज्यांच्या मेंदूत अल्झायमर नव्हता त्यांना त्याच जखमांनी फारसं काही केलं नाही. गाळ असताना पाटाला भगदाड पडलं की शेत बुडतं, आणि एरवी निभावतं.

एवढं माहीत असूनही आजाराच्या अधिकृत व्याख्येत व्हाइट मॅटरला जागा मिळायला वेळ लागला. २०१८ ची अमेरिकन चौकट तीन अक्षरांवर उभी होती: अमायलॉइड, टाऊ, आणि चेतापेशींची झीज. रक्तवाहिन्यांसाठी स्वतंत्र अक्षर आलं ते २०२४ च्या सुधारित निकषांत, आणि तेही सोबतचा आजार म्हणून. तीस वर्षं पैसा अमायलॉइडकडे वाहत होता. ते चुकीचंच होतं असं म्हणण्याइतका मी शहाणा नाही. त्यातून अखेर औषधं निघाली. पण ती काय आहेत ते बघा. अमायलॉइड काढणाऱ्या लेकानेमॅब या औषधाची चाचणी १७९५ जणांवर दीड वर्ष झाली. आजार किती बळावला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक पडला ०.४५ गुणांचा. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध. शंभरातल्या साडेबारा जणांच्या मेंदूत सूज दिसली, बहुतेकांना लक्षणांशिवाय, पण ती दिसते का हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. २०२३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा वर्षाची छापील किंमत २६,५०० डॉलर. ज्याला परवडतं आणि ज्याचा आजार सुरुवातीचा आहे, त्याने जरूर घ्यावं. पण साठीपुढच्या ८८ लाख स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा देश, म्हणजे २०२३ साली लासी-डॅड या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीतून अंदाजलेला आपला देश, यावर धोरण बांधू शकत नाही.

धोरण बांधता येईल असा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो फार साधा, म्हणून कंटाळवाणा आहे. रक्तदाब. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९३६१ जणांपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणायचा प्रयत्न झाला, निम्म्यांचा १४० च्या खाली. काहींचे सुरुवातीला आणि सुमारे चार वर्षांनी एमआरआय केले. पांढऱ्या डागांची वाढ पहिल्या गटात ०.९२ घनसेंटीमीटर आणि दुसऱ्या गटात १.४५ झाली. मेंदूतल्या पांढऱ्या डागांचा वेग रक्तदाबाच्या स्वस्त गोळ्यांनी बदलता येतो, हे फिल्मवर दिसलं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की त्या चाचणीत सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी झाला, पण प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. टीकाकार तिथेच बोट ठेवत. मग २०२५ मध्ये चीनच्या खेड्यांतून उत्तर आलं. ३२६ गावं, जवळपास ३४ हजार माणसं, वय चाळीसच्या पुढे. निम्म्या गावांत डॉक्टरची पदवी नसलेल्या गावआरोग्यसेवकांनी ठरलेल्या पायऱ्यांनी रक्तदाबाची औषधं दिली आणि पाठपुरावा केला. चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी.

चीनच्या जागी आपलं उपकेंद्र ठेवून बघा. समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आशाताई आहे, बीपीचं यंत्र आहे, अॅमलोडिपिन आणि टेल्मिसार्टनच्या गोळ्या आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे सांगाडा उभा आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत प्रौढांमधला उच्च रक्तदाब ३५.५ टक्के निघाला आणि मधुमेह ११.४ टक्के, तेव्हा गरजही उभी आहे. उभं नाही ते या दोन गोष्टींमधलं नातं. बीपीची गोळी हार्ट अटॅक टाळायला, लकवा टाळायला, असं आपण सांगतो. ‘पंधरा वर्षांनी नातवाचं नाव आठवावं म्हणून’ असं कुणी सांगत नाही. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा आजारांच्या जोखमीचा जो सीबॅक तक्ता भरते त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे, पण तो विचारेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात पन्नाशीतल्या १३० च्या वरच्या रक्तदाबाचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला. साठी-सत्तरीत मोजलेल्या रक्तदाबाशी तसा दिसला नाही. मोजायची वेळ पन्नाशी आहे, आणि पन्नाशीतला माणूस म्हणतो, “मला काही होत नाही. एकदा गोळी लागली की सुटत नाही म्हणतात.” हे वाक्य मी घरात ऐकलं आहे, शेजारी ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हटलं आहे.

एक आक्षेप रास्त आहे. सरसकट सगळ्यांचा रक्तदाब १२० वर आणायला निघालो तर म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतील, किडनीवर ताण येईल. स्प्रिंटमध्येच रक्तदाब फार खाली जाण्याचे आणि किडनीला इजा होण्याचे प्रसंग जास्त होते. म्हणून ऐंशीच्या आजोबांचं लक्ष्य डॉक्टरनेच ठरवावं. माझं भांडण चाळिशी-पन्नाशीतल्या १५०-१६० शी आहे. तो मोजला गेलेलाच नसतो, किंवा मोजून ‘आज जरा टेन्शन होतं’ म्हणून सोडून दिलेला असतो.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. हे वाचून कुणी ‘ब्रेन हेल्थ पॅकेज’ विकत घ्यायला निघालं तर माझ्या लेखाने नुकसानच केलं. डीटीआयचे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावर जुळत नाही, आणि एकट्या माणसाच्या डीटीआयवरून त्याला अल्झायमर होणार का हे आज कुणीही सांगू शकत नाही. रंगीत तंतूंचं सुंदर चित्र छापून हजारो रुपये घेणारे मात्र निघतील. निरोगी माणसाने हौसेने मेंदूचा एमआरआय काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मागतो आहे ते नव्या स्कॅनबद्दल नाहीच. डोकेदुखीसाठी, चक्कर येते म्हणून, पडल्यावर, रोज जे हजारो एमआरआय आधीच निघतात त्यांच्याबद्दल आहे. त्या प्रत्येकात फ्लेअर नावाची एक मालिका असते. तिच्यावर पांढरे डाग डोळ्यांनी दिसतात आणि त्यांना ० ते ३ अशी श्रेणी देण्याची फाझेकास पद्धत १९८७ पासून वापरात आहे. रेडिऑलॉजिस्टला त्यासाठी अर्धं मिनिट लागतं. काही जण देतातही. ती प्रत्येक अहवालात सक्तीने लिहावी. ‘वयोमानानुसार’ हा शब्द वापरायचा असेल तर त्या वयाला किती अपेक्षित होतं तेही लिहावं. श्रेणी २ किंवा ३ असेल तर खाली एक ओळ यावी: रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. ही ओळ मराठीतही यावी, कारण पाकीट शेवटी घरी जातं आणि घरात ते मुलगा किंवा सून वाचते. सरकारी रुग्णालयांत आणि सरकारी पैशाने चालणाऱ्या स्कॅन केंद्रांत हे एका परिपत्रकाने होईल. त्याला ना नवं यंत्र लागतं ना परदेशी औषध.

काही डॉक्टर म्हणतील, लोक घाबरतील. घाबरतील थोडे. लकव्याच्या भीतीने बीपीची गोळी घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ‘काही नाही’ ऐकून गोळी सोडून देणारीही पाहिली आहेत, आणि ती जास्त आहेत.

वडिलांचा एमआरआय होता त्या दिवशी आत नेण्याआधी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. पेसमेकर आहे का, शरीरात कुठे धातूची पट्टी किंवा स्क्रू, दातांची कवळी, अंगावरचे दागिने, बंद जागेची भीती. मी एकेका रकान्यात ‘नाही’ लिहीत गेलो. दोन पानं भरली. रक्तदाबाचा रकाना त्यात नव्हता आणि मलाही त्याची आठवण झाली नाही. त्यांची गोळी तेव्हा सात महिने बंद होती.